अलॉय चाकांवरची ब्रेकची काळी भुकटी: काढावी कशी, आणि पुन्हा चिकटू नये म्हणून काय करावे?

चाकोरी (धागाकर्ता), रविवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार.

माझ्याकडे चार वर्षांची, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी आहे. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो आणि कार्यालय विजय नगरात आहे, त्यामुळे रोज जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात आणि त्यात सिग्नल मोजू तितके थोडेच. गाडीला कंपनीनेच दिलेली डायमंड कट अलॉय चाके आहेत. गेल्या महिन्यात कुटुंबाला घेऊन महेश्वरला गेलो, तेव्हा महूवरून जाऊन जाम घाटाने उतरलो. (१७९१ साली अहिल्याबाईंनी बांधवलेला जाम दरवाजा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पावसाळ्यात अवश्य पाहावा.) खाली निमाडात उतरून चहाला थांबलो, तेव्हा पुढची दोन्ही चाके काजळी धरल्यासारखी झाली होती. माझ्या मुलीने त्या काजळीत बोटाने ‘श्री’ काढला. त्यानंतर तीन आठवडे आमच्याकडे सकाळी गाडी पुसायला येणारा मुलगा ओले फडके फिरवतोच आहे, पण तो ‘श्री’ अजूनही स्पष्ट वाचता येतो. म्हणजे बोट फिरले तेथली भुकटी तेव्हाच निघाली, आणि उरलेली जागच्या जागी घट्ट बसली.

दुसरी तक्रार जुनी आहे. दोन वर्षांपूर्वी एका धुलाई केंद्रात गाडी दिली होती. तेथल्या मुलाने बाटलीतून पिवळसर द्रव चाकांवर फवारला, फस्सकन फेस आला आणि चाके आरशासारखी झाली. मी खूश होऊन त्याला वर दहा रुपये दिले. आठवड्याभरात नटांच्या खाचांभोवती पांढुरके डाग उमटले, ते आजतागायत तसेच आहेत.

तेव्हा विचारायचे आहे ते असे, की ही भुकटी घरच्या घरी सुरक्षितपणे कशी काढावी, आणि ती चिकटू नये म्हणून मेण, सिरॅमिक कोटिंग वगैरे जे सांगितले जाते त्यात तथ्य किती आहे? मागची चाके जवळजवळ स्वच्छ असतात. पुढच्यांपैकी डावे उजव्यापेक्षा बरेच जास्त काळे होते, पण ते रस्त्याच्या कडेला असते म्हणून असेल.

---

साबणफेस, रविवार, रात्री १०:२५

चाकोरी दादा, हा माझा दर रविवारचा छंद असल्यामुळे सविस्तर लिहितो.

पहिला नियम असा, की चाक पूर्ण गार झाल्याशिवाय त्याला पाणी लावू नये. गरम चाकावर कोणताही द्रव क्षणात सुकतो, आणि सुकलेल्या क्लीनरचा डाग हा भुकटीच्या डागापेक्षा चिवट असतो. गाडी सावलीत उभी करावी. मी सकाळी सातच्या आत सुरू करतो, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे नऊ वाजता चाकाला हात लावता येत नाही.

दुसरा नियम म्हणजे कोरडे फडके कधीही फिरवू नये. त्या भुकटीत लोखंडाचे बारीक कण असतात, आणि त्यावर फडके घासणे म्हणजे पॉलिश कागद घासण्यासारखेच आहे. आधी साध्या पाण्याचा भरपूर मारा करून जे सुटे आहे ते वाहून जाऊ द्यावे. मग बादलीभर पाण्यात गाडीचा शाम्पू घालून मऊ केसांच्या ब्रशने आऱ्यांच्या दर्शनी बाजू, मग आऱ्यांच्या मागच्या कडा आणि शेवटी आतली गोलाई घासावी. लोक पुढचा भाग चमकवतात आणि आतली गोलाई विसरतात, आणि पहिल्याच पावसात आतला सगळा काळा गाळ ओघळून बाहेर येतो. नटांच्या खाचांसाठी जुना दात घासायचा ब्रश उत्तम. एका वेळी एकच चाक घ्यावे, ते पूर्ण धुऊन पुसावे आणि मगच पुढच्याकडे वळावे.

चाकांची बादली, ब्रश आणि फडके बाकीच्या गाडीला कधीही लावू नयेत. सकाळी येणारा मुलगा एकाच बादलीत चाक बुचकळून तेच फडके बॉनेटवर फिरवत असेल, तर तो गाडी पुसत नसून ओरखडत आहे. त्याला रागावू नका, एक वेगळ्या रंगाचे फडके द्या.

एवढे करूनही जे निघत नाही, म्हणजे तुमचा तो ‘श्री’, त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा द्रव मिळतो. पीएच न्यूट्रल (म्हणजे ना आम्ल, ना अल्क) असे लिहिलेलाच घ्यावा. फवारल्यावर दोन-तीन मिनिटांत चाकावरून जांभळ्या रंगाचे ओघळ येऊ लागतात. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, कारण चाकाला जखम झाल्यासारखे दिसते. सुकू न देता ब्रशने हलके घासून भरपूर पाण्याने धुवावे. हे वर्षातून तीन-चार वेळा पुरते. दर आठवड्याला फक्त शाम्पू.

---

रामबागकर, सोमवार, सकाळी ७:०५

आमच्या पद्मिनीला लोखंडी चाके आणि त्यावर वाटीसारख्या टोप्या होत्या. दिवाळीला एकदा टोप्या काढून घासल्या की वर्ष निघत असे. आता चाकाला शाम्पू आणि चाकाचे वेगळे फडके! असो. काळ बदलला हे मान्य आहे.

माझ्या घरी पितळेची समई आणि देवाची भांडी चिंचेने घासतात आणि ती लखलखतात. अर्धे लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र करून चाकावर चोळून पाहावे. पैसे वाचतील आणि रसायनांची कटकट नाही.

---

रसायन_काकू, सोमवार, दुपारी २:१५

रामबागकर साहेब, लिंबू आणि सोडा हीदेखील रसायनेच आहेत, हे मी सदतीस वर्षे शाळेत मुलांना सांगत आले. दोन्ही एकत्र केले की जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा असतो. आम्ल आणि अल्क एकमेकांना निकामी करतात आणि मागे उरते ते सोडियम सायट्रेटचे पाणी. फेस पाहून काम झाल्याचा आनंद होतो, मात्र घासले जाते ते मुख्यतः न विरघळलेल्या सोड्याच्या कणांनी आणि आपल्या मनगटाने. चिंचेचे म्हणाल तर ती पितळेवरचा आणि तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवते, म्हणून भांडी उजळतात. चाकाच्या बाबतीत आपल्याला धातूपर्यंत पोहोचायचेच नाही, कारण त्याच्यावर रंग आणि पारदर्शक लॅकर असते आणि तेच आपल्याला जपायचे आहे.

आता त्या पिवळसर द्रवाविषयी, कारण धाग्यातली सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. ॲल्युमिनियम हा धातू मुळात हवेशी फार लवकर संयोग पावतो, पण त्यातून त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचे जे अतिशय पातळ कवच तयार होते तेच पुढे त्याचे रक्षण करते. हे कवच साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान टिकते. त्याखालचे तीव्र आम्ल आणि त्यावरचा तीव्र अल्क, दोन्हीही ते खातात. म्हणून शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव जसे वाईट, तसाच कॉस्टिक सोड्याचा इंजिन धुण्याचा द्रवही वाईट. लॅकर अखंड असेल तर काही काळ निभावते, परंतु नटांच्या खाचेत पाना लागून लॅकरचे टवके उडालेले असतात आणि आम्ल नेमके तेथून आत शिरते. आपल्या चाकांचे डाग त्याच जागी आहेत, यात नवल नाही.

काही झटपट व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. चकाकी विलक्षण येते. परंतु हे आम्ल कातडीतून आत उतरून शरीरातल्या कॅल्शियमला जाऊन मिळते, आणि सौम्य द्रावण असेल तर वेदना काही तासांनी सुरू होतात, तोवर माणूस निर्धास्त असतो. हाताला लागल्याची शंका आली तरी भरपूर पाण्याखाली हात धरून तडक डॉक्टरांकडे जावे आणि बाटली सोबत न्यावी; तेथे कॅल्शियम ग्लुकोनेटची जेली लावतात. मला काळजी चाकांपेक्षा त्या धुलाई केंद्रातल्या मुलाची वाटते, जो दिवसभर उघड्या हाताने हे फवारत असतो.

जांभळ्या रंगाचे म्हणाल तर त्या द्रवात थायोग्लायकोलेट हा क्षार असतो. तो लोखंडाला धरून पाण्यात विरघळणारे जांभळे संयुग बनवतो. पार्लरमध्ये केस कुरळे करायला वापरतात त्या द्रवातही हेच कुटुंब असते, म्हणून वास ओळखीचा आणि नकोसा वाटतो. हातमोजे घालावेत आणि मोकळ्या हवेत वापरावे. फवारा डिस्कवर, म्हणजे चाकामागच्या ब्रेकच्या फिरत्या चकतीवर, गेला तर डिस्कही जांभळी होईल. ती बिडाची, म्हणजे लोखंडाचीच असते, तेव्हा घाबरू नये, धुऊन टाकावी.

---

चाकोरी, सोमवार, रात्री ८:५०

काकू, साबणफेस, मनापासून आभार. रामबागकर साहेब, आपले लिंबू सरबतासाठी राखून ठेवतो.

आज नीट उजेडात बसून पाहिले. डाव्या चाकाच्या एका आऱ्याच्या कडेला लॅकरखाली केसासारख्या पांढऱ्या, नागमोडी रेषा दिसतात. वाळवीने लाकूड पोखरावे तशा. नखाने लागत नाहीत, म्हणजे त्या आत आहेत. हे पॉलिशने जाईल का?

---

पाना_पकड, सोमवार, रात्री ११:१०

जाणार नाही. पण त्याकडे नंतर येतो. पीथमपूरला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षे काढल्यावर सध्या स्वतःचे छोटे गॅरेज चालवतो. या धाग्यावर सगळे चाक कसे धुवावे ते सांगत आहेत. चाकोरी साहेब, मी म्हणतो की तुम्ही आणखी दोन दिवस धुऊच नका.

आपण पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले आहे की डावे चाक उजव्यापेक्षा बरेच जास्त काळे होते, आणि त्याचे खापर रस्त्याच्या कडेवर फोडून मोकळे झालात. कडेला माती असते, ती तपकिरी असते. आपल्या माळव्याची काळी माती जरी धरली तरी ती पाण्याने सुटते आणि बोटांत चिकट लागते. ब्रेकची भुकटी राखाडी-काळी, रवाळ, आणि ओली झाल्यावर तिला गंजाची छटा येते. एकाच आसावरच्या दोन चाकांवर ती कमी-जास्त पडत असेल तर दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे काम करीत नाहीत, हा त्याचा सरळ अर्थ आहे.

भुकटी येते कुठून ते थोडक्यात सांगतो. ब्रेकच्या पॅडमध्ये लोखंडाचे किंवा इतर धातूंचे तंतू, ग्राफाइट, बेरियम सल्फेट यांसारखे भराव आणि हे सगळे बांधून ठेवणारी फिनॉलिक राळ असते. आपण ब्रेक दाबला की हे पॅड बिडाच्या फिरत्या डिस्कला दोन्हीकडून चिमटतात आणि दोघेही झिजतात. म्हणजे भुकटीत जे लोखंड असते त्यातले बरेचसे पॅडचे नसून डिस्कचे असते. कण गरमच उडतात आणि चाकावर बसतात, मग दंव किंवा पाऊस लागला की गंजतात आणि लॅकरला धरून ठेवतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचे निदान दोन तृतीयांश काम पुढच्या चाकांकडे असते. आणि आपल्याकडच्या लहान गाड्यांना मागे डिस्कऐवजी बंद डब्यासारखे ड्रम असल्यामुळे तेथील भुकटी आतच कोंडून राहते. मागची चाके स्वच्छ असण्यात म्हणूनच काही चूक नाही.

डावे आणि उजवे यांत मात्र फरक पडता कामा नये. या गाड्यांच्या कॅलिपरला, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्याला, पिस्टन फक्त आतल्या बाजूने असतो. पिस्टन आतला पॅड दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनांवर रबरी टोपणे असतात. टोपण फाटले की पाणी आणि चिखल आत जातो, पिन जाम होते, आणि पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. घाटात हे फार वाईट.

घरी करण्याची परीक्षा सोपी आहे. सपाट रस्त्यावर दहाएक किलोमीटर शांतपणे, शक्य तितका कमी ब्रेक लावून चालवा. उभे राहिल्यावर हाताची मागची बाजू प्रथम एका आणि मग दुसऱ्या चाकाजवळ न्या. फक्त जवळ, लावू नका, डिस्क भाजते. एकीकडून भट्टीसारखी धग येत असेल तर गाडी गॅरेजला न्या. आणि उलटही लक्षात ठेवा: पुढचे एखादे चाक संशय यावा इतके स्वच्छ राहत असेल तर तेही तपासा, कारण ते चाक बहुधा ब्रेकच लावत नसते. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर, तेलकट ओघळ दिसले तर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस गळत आहे, आणि त्या गाडीने घाट उतरू नये.

म्हणून माझ्या गॅरेजात नियम आहे. चाक आधी बघायचे, मग धुवायचे. धुतलेले चाक काही सांगत नाही.

आता रेषांविषयी. डायमंड कट चाक म्हणजे रंगवलेले चाक लेथवर चढवून दर्शनी भागाची बारीक साल काढतात आणि उघड्या चमकत्या धातूवर फक्त लॅकर देतात. ते लॅकर कडेला कुठे तुटले की ओल आणि क्षार आत शिरतात आणि खालचा धातू धाग्याधाग्याने पांढरा पडत जातो. वरून पॉलिश करून उपयोग नाही. लॅकर पूर्ण उतरवून, पुन्हा साल काढून, पुन्हा लॅकर द्यावे लागते, आणि दर वेळी धातू कमी होत असल्याने हे फार वेळा करता येत नाही. एवढ्याशा रेषांसाठी मी करणार नाही. उघडी पडलेली कड कोरडी करून तेथे टच-अपचे लॅकर लावा म्हणजे वाढण्याचा वेग मंदावेल.

---

वीजगाडी, मंगळवार, सकाळी ९:३०

पाना_पकड साहेबांचा प्रतिसाद छापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवण्याजोगा आहे.

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटरच जनित्र होऊन वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक पॅड क्वचितच डिस्कला लागतात आणि वर्षभरात चाके जवळजवळ काळी होत नाहीत. पण पावसाळ्यात चार दिवस गाडी उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज चढतो, आणि तो घासून काढण्यासाठी मला मुद्दाम चार-पाच वेळा जोरात ब्रेक लावावे लागतात. त्या दिवशी चाकांवर जी भुकटी दिसते ती तांबडी असते.

ही भुकटी नुसती चाकावर बसत नाही, आपल्या नाकातही जाते. युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत प्रथमच ब्रेकच्या कणांवर मर्यादा घातली आहे: बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, आणि पूर्णतः विजेवर चालणाऱ्यांना ३ मिलिग्रॅम. धुराड्याबाहेरच्या प्रदूषणाचाही हिशेब आता होऊ लागला आहे.

---

रसायन_काकू, मंगळवार, सकाळी ११:००

पुस्ती जोडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१० साली पॅडमधील तांब्यावर कायदा केला, कारण पावसाच्या पाण्याबरोबर ते ओढ्यांत जाऊन जलचरांना घातक ठरते. २०२१ पासून वजनाच्या ५ टक्क्यांहून आणि २०२५ पासून ०.५ टक्क्याहून अधिक तांबे चालत नाही. म्हणून चाक धुतल्याचे काळे पाणी तुळशीच्या किंवा भाजीच्या वाफ्यात सोडू नये, एवढे तरी आपण पाळू शकतो. आणि साठलेली भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असे, तेव्हा तर ते फारच धोक्याचे. ओली करूनच काढावी.

---

साबणफेस, मंगळवार, रात्री ९:४५

मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे संरक्षण, राहूनच गेला.

कोणताही लेप भुकटी पडण्याचे थांबवत नाही, फक्त तिला धरू देत नाही. जो विक्रेता ‘पुन्हा काळे होणारच नाही’ म्हणतो त्याच्याकडून काही घेऊ नये. कारनौबा मेण साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, आणि घाट उतरताना चाकाचा ब्रेकजवळचा भाग त्याच्या आसपास सहज जातो, म्हणून बॉनेटवर तीन महिने टिकणारे मेण चाकावर तीन आठवडे टिकले तरी पुष्कळ. त्याहून पॉलिमरचे सीलंट बरे, ते फवारून पुसायचे असते आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा करता येते. सिलिकॉन डायऑक्साइडवर आधारलेले सिरॅमिक कोटिंग उष्णता चांगली सोसते आणि मी स्वतः तेच केले आहे, परंतु त्याचे निम्म्याहून अधिक यश पूर्वतयारीत असते. चाके उतरवून आतून-बाहेरून धुवायची, आयर्न रिमूव्हर, मग डांबराचे ठिपके काढायचे, मग क्ले (रुतलेले कण ओढून घेणारा मातीसारखा गोळा) फिरवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंशही ठेवायचा नाही, आणि लेप दिल्यावर निदान चोवीस तास पाणी लागू द्यायचे नाही. माझे अख्खे शनिवार-रविवार गेले. फायदा मात्र खरा आहे: आता नुसत्या पाण्याच्या माऱ्याने ऐंशी टक्के निघून जाते आणि ब्रश लावावाच लागत नाही.

घाईत कोटिंग करू नये. खाली अडकलेली भुकटी तशीच ठेवून वर लेप दिला तर ती लोणच्याच्या बरणीतल्या फोडीसारखी कायमची आत मुरते.

चाके परत चढवताना नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोर, आवळावेत आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळावेत. पाइप लावून त्यावर उभे राहू नये. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावेत.

डांबरासाठी रॉकेल चालते का, असे बरेच जण विचारतात. डांबर निघते, पण ते टायरच्या रबराला चांगले नाही. फडक्याच्या टोकाला घेऊन फक्त ठिपक्यावर लावावे आणि लगेच शाम्पूने धुवावे. प्रेशर वॉशर असेल तर त्याचे तोंड टायरच्या कडेपासून हातभर लांब ठेवावे. आणि रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) पाहायला राजवाड्याकडे गाडी नेणाऱ्यांनी परतल्यावर चाकांतला गुलाल आधी भरपूर पाण्याने वाहवावा. त्यावर ओला ब्रश फिरवला की तो लॅकरच्या बारीक ओरखड्यांत जाऊन बसतो. माझी चाके गतवर्षी श्रावणापर्यंत गुलाबी होती.

---

रामबागकर, बुधवार, सकाळी ६:५५

प्रश्न विचारतो, थट्टा नाही. भुकटी कमी पाडणारे पॅड किंवा चाकाच्या आत बसवायच्या तबकड्या मिळतात असे ऐकले आहे. त्या लावून मुळावरच घाव का घालू नये?

---

पाना_पकड, बुधवार, दुपारी १:४०

साहेब, तबकड्या लावू नका. चाकाच्या आऱ्यांमधून येणारी हवा डिस्कला गार ठेवते, आणि तबकडी नेमकी तीच अडवते. जाम घाटात चाक स्वच्छ आणि ब्रेक निकामी, असा सौदा आपल्याला परवडणारा नाही.

सिरॅमिक पॅड मिळतात. त्यांची भुकटी कमी आणि फिकट रंगाची असते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. महाग असतात, आणि लहान गाडीसाठी मी कंपनीचेच मूळ पॅड सुचवतो, कारण पकड, आवाज आणि डिस्कची झीज यांचा मेळ त्यांनी बसवलेला असतो. मुळावर घाव घालायचा तर तो पायाने घालावा. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्यावी आणि ब्रेक अधूनमधून, ठामपणे लावून सोडावा. सतत पाय ठेवून उतरणाऱ्याची चाके काळी होतात आणि ब्रेकही तापतात. शहरातही पुढचा सिग्नल लाल दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबत जाऊन शेवटी ब्रेक मारण्याची आपली जी इंदुरी घाई आहे, तिची अर्धी भुकटी निव्वळ हौसेची असते.

---

चाकोरी, बुधवार, रात्री १०:०५

आज सकाळी परीक्षा केली. सुपर कॉरिडॉरवर पहाटे मोकळा रस्ता मिळाला. उजव्या चाकाजवळ कोमट, डाव्याजवळ हात ठेववेना. उद्या गॅरेज.

तोपर्यंत एक छोटा प्रश्न. आमच्याकडे गाडी धुवायला बोअरचे पाणी आहे, आणि वाळल्यावर चाकांवर पांढरे ठिपके राहतात. तेही आम्लाचेच डाग आहेत की काय, अशी आता शंका येऊ लागली आहे.

---

रसायन_काकू, गुरुवार, सकाळी १०:२०

नाही, ते पाण्यातल्या कॅल्शियमचे आणि मॅग्नेशियमचे क्षार आहेत. बादलीच्या तळाशी आणि गीझरमध्ये जो थर बसतो तोच. नखाने खरवडला तर पूड निघते, हा त्यातला आणि आम्लाच्या डागातला फरक. खाण्याचे व्हिनेगर निम्मे पाणी घालून फडक्याने ठिपक्यावर मिनिटभर ठेवावे आणि लगेच धुवावे. जेथे लॅकर उडाले आहे तेथे तेही नको. सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाणी चाकावर वाळूच न देणे. शेवटची एक बादली नर्मदेच्या नळाची वापरावी आणि मायक्रोफायबरने टिपून घ्यावे, घासू नये.

---

चाकोरी, पुढचा रविवार, दुपारी ४:३०

उशिरा लिहितो आहे, पण हाती काहीतरी घेऊन आलो आहे.

गुरुवारी डावे चाक उतरवले. कॅलिपरच्या खालच्या पिनेचे रबरी टोपण एका बाजूने फाटलेले होते आणि आत आपली माळव्याची काळी माती वाळून सिमेंटसारखी बसली होती. मेकॅनिकने पिन हाताने ओढून पाहिली, हलली नाही. शेवटी पकडीने धरून पिळत पिळत काढली. आतल्या पॅडचा मसाला जेमतेम अडीच मिलिमीटर उरला होता, बाहेरच्याचा सहा. उजवीकडे दोन्ही सहा-सहा. तीन मिलिमीटरच्या खाली गेला की बदलायचा असतो, असे मेकॅनिकने सांगितले. म्हणजे याच अवस्थेत मी मुलीला घेऊन घाट उतरलो होतो, आणि वर कडेच्या धुळीला दोष देत होतो.

पिना, टोपणे आणि दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. पिनांना ब्रेकसाठीचे वेगळे ग्रीस लावले, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते, असे तो म्हणाला. नवे पॅड डिस्कशी जुळेपर्यंत दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका आणि त्या काळात भुकटी जास्त दिसेल, हेही त्यानेच बजावले.

आज सकाळी सहाला साबणफेस यांच्या क्रमाने चारही चाके धुतली. आयर्न रिमूव्हर डाव्या चाकावर फवारले, तेव्हा ‘श्री’च्या भोवतालची सगळी जागा जांभळी होऊन ओघळली आणि अक्षर तेवढे काही क्षण चांदीसारखे उठून दिसले. मग तेही गेले. खाचांतले पांढुरके डाग अर्थातच तसेच आहेत, त्या कडांना टच-अपचे लॅकर लावले. कोटिंग नंतर, दिवाळीच्या सुट्टीत, सध्या सीलंट.

दुपारी गाडी विजय नगरपर्यंत नेऊन आणली. मुलीने एक बोट उजव्या चाकावर फिरवले, दुसऱ्या हाताचे डाव्यावर, आणि दोन्ही बोटे माझ्यापुढे धरली. दोन्ही सारखीच मळली होती.